विमलाबाईंचा डबा आणि आकस

माजिवडा, ठाणे
मंगळवार, ५ नोव्हेंबर २०२४

ती. हेमांगीताई, नमस्कार.

सकाळी पाणी उशिरा आलं. वरणभात केला. दुपारी लाईट बिल भरून आलो. तुमचा गुडघा कसा आहे? तुमच्या कल्याणच्या इमारतीला लिफ्ट नाही, तेव्हा उगाच चढउतार करू नका. मी ठीक आहे. विनिता गेल्यानंतरची ही पहिली दिवाळी, त्यामुळे रीतीप्रमाणे घरात कढई चढली नाही. तुमचा फराळ पोचला. (हे सगळं फोनवर बोललो असतो, पण तुमच्याकडे स्पीकर चालू असतो आणि अख्खं घर उत्तरं देतं.)

पाडव्याला बेल वाजली. दारात शेजारच्या विमलाबाई, हातात स्टीलचा डबा. "दुःखाच्या घरी शेजाऱ्यांनी द्यायचं असतं," एवढंच बोलल्या, डबा दिला आणि गेल्या. तुम्हाला ठाऊक आहेच, विनिता आणि त्या कित्येक वर्षं बोलत नव्हत्या. त्यांच्याकडची कोथिंबिरीची काडीसुद्धा विनिताने घेतली नसती. का, ते मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. (काही प्रश्न न विचारल्यामुळेच जेवण वेळेवर मिळतं.) ती एवढंच म्हणायची, "माझा काही त्यांच्यावर आकस नाही." त्यानंतर त्यांच्याविषयी जे बोलणं सुरू व्हायचं ते आमटी आटेपर्यंत चालायचं.

डबा ओट्यावर ठेवला, उघडला नाही, आणि प्रथमच प्रश्न पडला की आकस म्हणजे नेमकं काय. शब्दकोशात द्वेष, मनात धरलेला राग असं दिलं आहे, पण डबा आल्यास काय करावं ते दिलेलं नाही. मग लोकांच्या बोलण्याकडे लक्ष ठेवलं. आकस नेहमी दुसऱ्याच्याच मनात असतो. सेक्रेटरी आकसाने नोटीस लावतो, साहेब आकसाने बदली करतो. स्वतःचा विषय निघाला की प्रत्येकाचं मन साफ. "होय, माझ्या मनात आकस आहे," असं म्हणणारा माणूस मला निदान ठाण्यात तरी भेटला नाही.

वरच्या मजल्यावरच्या करिश्माला विचारलं. ती कॉलेजात आहे. म्हणाली, "काका, सिंपल आहे. काकू खुन्नस ठेवून होत्या." मग काळुरामना विचारलं. आमची इमारत त्यांच्याच शेतावर उभी आहे, संध्याकाळी ते गेटपाशी खुर्ची टाकून बसतात. ते म्हणाले, "आमच्याकडं त्याला डूख बोलतात, साहेब. नाग मेला की नागीण डूख धरते. तुमचं उलटं झालंय. नागीण गेली आन् नाग बसलाय डब्याजवल." बोलून त्यांनीच जीभ चावली आणि मला चहा पाजला. विनिता गेल्यापासून मी पहिल्यांदाच मोठ्याने हसलो. नंतर लाज वाटली.

आता खरी अडचण. विनिताचे दोन नियम होते. कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही, आणि विमलाबाईंना काही द्यायचं नाही. कोणता नियम मोठा, हे विचारायला ती नाही. रिकामा दिला तर आकस माझा ठरतो. भरून दिला तर मी तिची बाजू सोडली असं होतं. तिच्या साड्या तुम्ही नेल्यात, दागिने सान्वीला दिले, भांडण तेवढं माझ्याकडे राहिलं आहे. ते टाकवत नाही. पण लेक सासरी गेल्यावर या मजल्यावर मला विमलाबाईंशिवाय दुसरं कुणी बोलायलाही नाही.

तुम्ही तिच्या थोरल्या बहीण. तुमच्यापासून तिने काही लपवलं नसणार. भांडण कशावरून झालं, ते कळवा. क्षुल्लक असेल तर डबा भरून देईन. मोठं असेल तर करिश्माच्या हाती रिकामा पाठवीन.

आपला,
मारुती

ता. क. डबा उघडला नाही असं वर लिहिलं आहे. चकल्या होत्या. संपल्या. विनिताची शपथ, चांगल्या होत्या.

ता. क. २. भांडणाचं कारण कळवू नका. कळलं तर मला ते पाळावं लागेल. त्यापेक्षा विनिता शेंगदाण्याची चटणी करायची, त्यात लसूण किती घालायची, तेवढं कळवा. चटणीला तळण लागत नाही आणि ती गोडही नसते, म्हणजे दुखवट्याच्या वर्षात चालावी. दाणे भाजायला ठेवले आहेत. करपल्याचा वास येतो आहे, म्हणून थांबतो.