चेहरा झाकायची जबाबदारी

४ जानेवारी, सकाळ
अहमदाबादहून परत. दोन दिवसांचं शिबिर होतं. मानवी हक्कांच्या कामात नव्या तंत्रज्ञानाचा जबाबदार वापर. प्रमाणपत्र मिळालं. किरीट मांकड या नावातला अनुस्वार गळालाय, त्यामुळे आडनाव जरा वेगळं वाचलं जातं. पण शिक्का खरा आहे.

शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर तीनच गोष्टी लिहिल्या. आधी विचारा. लागेल तेवढंच ठेवा. ज्याला लपवायचं त्याला नीट लपवा. हे सगळं मला आधीपासून माहीत होतं, फक्त असं क्रमाने माहीत नव्हतं.

संकल्प: आजपासून मी संस्थेचा तंत्रज्ञान-प्रमुख. संस्थेत आम्ही तिघं. तरलिकाबेन संस्था चालवतात, इस्माइलभाई जीप चालवतात, उरलेलं सगळं मी चालवतो. तरलिकाबेनना नवं पद सांगितलं. त्या 'बरं' म्हणाल्या. त्यांचं बरं म्हणजे पूर्ण पाठिंबा.

६ जानेवारी
ऑफिसच्या कॉम्प्युटरला भक्कम पासवर्ड घातला. पूर्वीचा 'namak' होता, तो आमच्या पाटडी गावातल्या शेंबड्या पोरालाही सुचला असता.

दुपारी ३. पासवर्ड आठवत नाही.

संध्याकाळ. अजून नाही. दिवसभर कोणालाच कॉम्प्युटर उघडता आला नाही. म्हणजे सुरक्षितता शंभर टक्के सिद्ध झाली. तरलिकाबेनना हा मुद्दा नीट पटलेला दिसला नाही. उद्या दुकानातून माणूस येणार आहे.

९ जानेवारी
कच्छच्या छोट्या रणात गेलो. प्रकरण गंभीर आहे. मिठागरांचा ठेकेदार वालजी शेठ. त्याने हंगाम सुरू होताना सगळ्या अगरिया, म्हणजे मीठ पिकवणाऱ्या, कुटुंबांची रेशनकार्डं आणि आधारकार्डं 'सांभाळायला' म्हणून घेतली आणि कपाटात कुलूपबंद केली. आता कोणी काम सोडून जायचं म्हटलं की कार्ड मिळत नाही. आजारी माणूस दवाखान्यात न्यायचा तरी शेठची परवानगी. बावीस तारखेला सुरेंद्रनगरला जनसुनावणी आहे, निवृत्त न्यायाधीश येणार आहेत. पण तिथे जाऊन बोलायला सगळे घाबरतात.

तिघी तयार झाल्या. जमनाबेन, कंकुबेन आणि म्हाताऱ्या रळियातबेन. मी नियमाप्रमाणे आधी विचारलं. म्हणजे मी तयार केलेलं संमतीचं निवेदन वाचून दाखवलं. तिसऱ्या पानावर कंकुबेनला झोप लागली. रळियातबेनने मधेच थांबवून एवढंच विचारलं, "वालजी शेठला माझं तोंड दिसेल का?"

मी म्हणालो, अजिबात नाही. चेहरा पुसट करणारं आणि आवाज बदलणारं सॉफ्टवेअर माझ्याकडे आहे.

(नाहीये. पण घेणार आहे.)

फोनवर चित्रण केलं. मागोमाग रोटला, लसणाची चटणी आणि ताक. इस्माइलभाईंनी माझ्या वाटचाही रोटला खाल्ला. म्हणाले, तुम्ही निवेदन वाचत होता तेव्हा जेवण निवून गेलं, निवलेलं तुम्हाला चालत नाही ना.

१० जानेवारी
फोनची केबल कॉम्प्युटरला लागेना. तोडगा काढला. चित्रण आमच्या 'मांकड परिवार' ग्रुपवर टाकलं आणि तिथून कॉम्प्युटरवर उतरवलं. घरच्या माणसांपेक्षा सुरक्षित जागा कुठली? राजकोटच्या मामींनी लगेच दोन हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

आता जबानी लिहून काढायची. नेटवर फुकटचं यंत्र मिळालं. आवाज टाका, मजकूर आणि गोषवारा तयार. टाकला. यंत्राला 'मीठ', 'ऊन', 'पाणी', 'ढवळणं' हे शब्द वारंवार ऐकू आले आणि त्याने ती पाककृती समजली. गोषवारा असा: 'खारं पाणी पसरट भांड्यात घ्या. चार महिने उन्हात ठेवा. अधूनमधून ढवळा. शेठ चवीनुसार.'

किरकोळ दुरुस्त्या लागतील.

तरलिकाबेननी विचारलं, आवाज आता कुठे आहे. मी सांगितलं, वर, क्लाउडमध्ये. त्यांनी विचारलं, कोणाच्या. मी म्हणालो, सगळ्यांच्याच. त्यांनी एक कोरी वही माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता तिथून काढा आणि जबानी हाताने लिहा. हाताने! मी त्या यंत्रावरचं 'काढून टाका' बटण तर दाबलंच, ते खरंच काढतं का हे यंत्रालाच विचारलं. ते हो म्हणालं.

१२ जानेवारी
चेहरा पुसट करणारं सॉफ्टवेअर मिळालं. आपोआप चेहरे शोधतं. अप्रतिम.

निकाल: तिघींनी ओढणी कपाळावर ओढली होती, त्यामुळे त्यांचे चेहरे त्याला चेहरे वाटले नाहीत. झोपडीतल्या कॅलेंडरवरची खोडियार माता पुसट झाली. तिच्या पायाखालची मगरही. दारातलं गाढव पूर्ण पुसट. आणि एका कोपऱ्यात मी प्रश्न विचारताना दिसतो, तो मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुसट. खरं म्हणजे त्या दिवशी मुद्दाम इस्त्रीचा सदरा घातला होता.

आवाज मात्र छान बदलला. रळियातबेन आता चार वर्षांच्या मुलीसारख्या बोलतात. जमनाबेन बसकंडक्टरसारख्या. काम नव्वद टक्के झालं असं धरायला हरकत नाही.

१४ जानेवारी
उत्तरायण. गच्चीवर. काही काम नाही. ऊंधियू, जलेबी, पुन्हा ऊंधियू. पतंग एक उडवला, तो शेजाऱ्यांनी कापला.
संकल्प: उद्यापासून गोड बंद, आणि गाढव नीट दिसेल असं बघायचं.

१५ जानेवारी
वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस. संकल्प उद्यावर.

१६ जानेवारी
चित्रण दाखवायला रणात, तरलिकाबेनही सोबत. नियम असा की ज्यांचं आहे त्यांना आधी दाखवायचं. हा नियम तरलिकाबेनचा, पण मीही तेच म्हणणार होतो.

लॅपटॉप खाटेवर ठेवला. पहिल्या मिनिटात कंकुबेन हसायला लागली. जमनाबेनचा कंडक्टर सुरू झाल्यावर तर शेजारच्या मिठागरावरच्या बायका धावत आल्या. इस्माइलभाई जीपला धरून उभे होते, डोळ्यांतून पाणी. मग रळियातबेनचं पोरीच्या आवाजातलं बोलणं आलं. त्यात त्या दर दुसऱ्या वाक्याला 'मी रळियात, गोबरची आई' म्हणत होत्या. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आवाज इतका सुरेख बदलला होता की शब्दांकडे कोण बघतं.

सगळ्यात जास्त रळियातबेनच हसल्या. मग पदराने डोळे पुसले आणि शांतपणे म्हणाल्या, "भाई, मजा आली. पण हे शेठने पाहिलं तर माझं कार्ड तर गेलंच, माझ्या गोबरला पुढच्या वर्षी कोणी मिठागरावर उभं करणार नाही. तू मला शब्द दिला होतास."

मी म्हणालो, हे फक्त आपल्यातच आहे.

तरलिकाबेननी विचारलं, "किरीटभाई, हे अजून कुठे कुठे आहे?"

तेव्हा मला राजकोटच्या मामींचे दोन हात आठवले.

१७ जानेवारी
ग्रुपवरून सगळ्यांसाठी काढून टाकायची मुदत संपलीये. हे त्या कंपनीने आधी ठळक सांगायला हवं होतं. त्याहून वाईट म्हणजे ग्रुपमध्ये नलिनभाई आहेत, माझ्या चुलत बहिणीचे यजमान. ध्रांगध्र्याला त्यांचा मिठाचा घाऊक धंदा. माल घेतात तो वालजी शेठकडून. दोघं एकत्र गाठिया खायला बसतात.

काल घरी येईपर्यंत तोंडाला चव नव्हती. डोळ्यांसमोर सारखा रळियातबेनचा पदर. सकाळपासून एकेकाला फोन लावतोय. काढून टाका, आणि ग्रुपबाहेर कोणाला पाठवलंय का तेही सांगा.

मामी म्हणाल्या, कसलं चित्रण? त्या मी पाठवलेल्या प्रत्येक गोष्टीला न बघताच हात जोडतात. भावनगरच्या काकांना ते माझं भाषण वाटलं, म्हणून त्यांनी उघडलं नाही. पुतण्या म्हणाला, तुमचे मेसेज मी आधीपासूनच म्यूट केलेत, काका. एकीने स्पष्ट सांगितलं, किरीटभाईचं काही आलं की जागा खातं म्हणून तिचा फोन आपोआप पुसून टाकतो, तिने तशी सोयच करून घेतलीये.

शेवटी नलिनभाई. इकडची तिकडची चौकशी केली. मग विचारलं.

ते म्हणाले, "किरीटभाई, वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्ही पाठवता ते मी आजवर एकदाही उघडलेलं नाही."

मी एवढा आनंदी आयुष्यात क्वचितच झालो असेन. फोनवरच काढून टाकायला लावलं, तेही न उघडता. मग गच्चीवर जाऊन बसलो. थोड्या वेळाने जरा वाईटही वाटलं. पण सुरक्षितता महत्त्वाची.

तरलिकाबेनना कळवलं की परिवारात माहिती-संरक्षणाची व्यवस्था मुळातच भक्कम होती.

१९ जानेवारी
बैठक. तरलिकाबेननी चित्रणाची माझ्याकडची प्रत स्वतः पुसली, फोनमधलीही, कॉम्प्युटर-लॅपटॉपमधलीही. मी आभासी चेहरा तयार करणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरबद्दल बोलायला सुरुवात केली. म्हणजे रळियातबेन बोलतील, पण चेहरा दुसऱ्याच कोणाचातरी, उदाहरणार्थ माझा.

तरलिकाबेन म्हणाल्या, "एक चादर आणा. जाड."

बेत असा. तिघी स्वतः येणार, पण गर्दीच्या आधी, मागच्या दाराने. चादरीमागे बसून बोलणार. नाव कोणी घ्यायचं नाही. आणि मागणी तिघींच्या कार्डांची करायची नाही, सगळ्या कुटुंबांच्या कार्डांची करायची, म्हणजे कोण बोललं ते कळायला नको. आज सकाळी त्या स्वतः रणात जाऊन तिघींना विचारून आल्या. रळियातबेनने चादर कुठल्या रंगाची असेल तेवढं विचारलं आणि हो म्हटलं.

माझ्या अकरा पानी तंत्रज्ञान-धोरणात 'चादर' हे प्रकरण जोडलं. निळी.

२२ जानेवारी, रात्री
जनसुनावणी. सभागृह एका मंदिराच्या धर्मशाळेत, चपला बाहेर. चादर बांधायला गेलो तर एका बाजूला खिळाच नव्हता. दोरीचं ते टोक कोणीतरी धरून उभं राहायला हवं होतं. मी ही जबाबदारी घेतली. (इस्माइलभाई जीपपाशी हवे होते आणि तरलिकाबेन व्यासपीठावर.)

अडीच तास हात वर. खांदे गेले. पण मी चादरीच्या आतल्या बाजूला होतो म्हणून एक गोष्ट फक्त मला दिसली. बोलायला लागण्यापूर्वी रळियातबेनने डोक्यावरची ओढणी मागे सारली. पूर्ण चेहरा उघडा. मग बोलल्या, स्वतःच्या आवाजात, एकदाही न अडखळता. घरातली सून बाळंतपणात अडली तरी शेठच्या दारात कार्डासाठी कसं बसून राहावं लागतं ते कोणाचं नाव न घेता सांगितलं. मला नाक पुसायचं होतं, हात मोकळा नव्हता.

२८ जानेवारी
मामलतदारांनी वालजी शेठला बोलावलं. कपाट उघडलं. सगळी कार्डं परत, सगळ्या कुटुंबांना. कोण बोललं हे शेठला अजून कळलेलं नाही. तो म्हणे सगळ्यांकडेच संशयाने बघतो, म्हणजे कोणा एकीकडे नाही.

गोबर आज बाळाला आणि बायकोला घेऊन दवाखान्यात जाऊन आला. कोणाला न विचारता.

संकल्प: आमच्या या यशस्वी तंत्रज्ञान-प्रयोगावर लेख लिहायचा. छायाचित्रासह.

२९ जानेवारी
सुरेंद्रनगरचं साप्ताहिक आलं. पहिल्याच पानावर सुनावणीचं मोठं छायाचित्र. चादर अगदी स्पष्ट आलीये. चादरीखालून दोन अनवाणी पावलं दिसतात. माझी.

खाली ओळ: 'आयुष्यभर मिठात उभं राहून भेगाळलेले अगरिया वृद्धेचे पाय. पाहून न्यायाधीशही गहिवरले.'

बायकोला, मृदुलाला दाखवलं. तिने चष्मा लावून नीट पाहिलं आणि आतून टाचांचं मलम आणून ठेवलं.