छतातली ओल

१४ जुलै
बेडरूमच्या छतावर, कपाटावरच्या कोपऱ्यात डाग. ६२ × ४० सेमी. कडेला काळी बुरशी. पेन्सिलने कड आखली, तारीख घातली. शिरोलीच्या फाउंड्रीत दिवसभर साच्याच्या वाळूतली ओल मोजते. आता घरीही.
घरमालकीण काकू वरच राहतात. बोलावून दाखवलं. "पाऊस हाय गं. दसऱ्यापत्तूर वाळतंय बघ."

१९ जुलै
७१ × ४६. पुसलेली बुरशी चौथ्या दिवशी परत. खोकला.

२४ जुलै
डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण त्या खोलीत झोपणं बंद करा. झोपायला खोली एकच.
गडहिंग्लजहून अम्मीचा फोन. "घर बदल की." हे मिळायला तीन महिने लागले, ते तिला सांगितलेलं नाही. एकटी मुलगी, त्यात आडनाव. सगळीकडे 'कळवतो'. काकूंनी एवढंच विचारलं होतं, "पाणी पहाटं येतंय. उठशील न्हवं?"

२९ जुलै
काकू काकांना घेऊन कबनूरला लेकीकडे. आठवडाभर. वरचं घर बंद.

५ ऑगस्ट
आठवडाभर धो धो पाऊस. पंचगंगा पात्राबाहेर. डाग एक सेंटिमीटरही वाढलेला नाही, मधला भाग हाताला कोरडा.
म्हणजे पाऊस नव्हे. पाइप असता तर आताही गळला असता, वरची टाकी भरलेली आहे. वर कुणीतरी पाणी सांडतं. घरी असतं तेव्हा.
काकू संध्याकाळी परतल्या. उद्या बोलायचं.

६ ऑगस्ट
बोलले नाही. डाग ओला.

९ ऑगस्ट
सुट्टी. सकाळी छतावरून पाणी ओतल्याचा आवाज. वर बाथरूम त्या बाजूला नाही. जिना चढून गेले, दार उघडं.
काकांची डावी बाजू गेल्या वर्षी लुळी पडली, एवढं माहीत होतं. काकू त्यांना खोलीतच प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आंघोळ घालत होत्या. "अहो, जरा वाका की. लग्नात बी असंच ताठ बसला हुता." काका अर्ध्या तोंडाने हसत होते.
मला पाहून काकू थांबल्या. "खुर्ची बाथरूमात शिरत न्हाय."
टेप आणून मोजलं. दार ५८, खुर्ची ६१. बिनहाताच्या स्टुलावर ते तोल सांभाळू शकत नाहीत. चौकट फोडायला गवंडी दिवाळीनंतर येतो म्हणतो.
त्या ओल्या फरशीखालीच माझं कपाट. काकू फरशीकडे बघत होत्या.

१३ ऑगस्ट
चार दिवस वरून पाण्याचा आवाज नाही. डाग वाढलेला नाही. खोकला थोडा कमी. बरं वाटायला हवं.

१६ ऑगस्ट
जिन्यात काकू भेटल्या. काका कसे आहेत, विचारलं.
"हायती. वल्या फडक्यानं पुसतोय आता. कुरकुरत्यात. सारखं म्हणत्यात, तांब्याभर तरी वत गं."
मी म्हणाले, काकू, आंघोळ घाला त्यांना.
"आन् तुझा खोकला?"
आम्ही दोघी जिन्यात उभ्या, त्या वरच्या पायरीवर, मी खालच्या. वरून काकांनी हाक मारली. त्या लगेच हलल्या नाहीत. मीही.