रोळीच्या मालकीबाबत

मी, खाली सही करणार, राजपाल पिराजी ओव्हाळ, वय ६७ वर्षे, धंदा रेडिएटर दुरुस्ती, राहणार नळदुर्ग, तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना डॉक्टरांनी विचारले, "रागात लिहिताय का?" मी म्हणालो, "व्हय." राग म्हणजे वेड नव्हे, हे त्यांनी मान्य केले. माझ्यावर कोणाचा दाब नाही. यापूर्वी लिहिलेली दोन मृत्युपत्रे मीच फाडली आहेत. त्यांचे तुकडे कोणी चिकटवून आणल्यास ते रद्द समजावेत.

१. घर. नळदुर्ग येथील दोन खोल्यांचे पत्र्याचे घर, मागील न्हाणी व लिंबाच्या झाडासह, ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ती माझ्या पश्चात माझी मुलगी भाग्यश्री हिची राहील. भाग्यश्री भूमच्या दवाखान्यात परिचारिका आहे. पोस्टातील माझी शिल्लकही तिचीच. माझा मुलगा प्रसेनजित याचा यात काहीएक हक्क राहणार नाही. तो कोर्टात गेल्यास त्याने हे मृत्युपत्र तिथे मोठ्याने वाचून दाखवावे. तेवढे धैर्य त्याच्यात नाही, हे मी जाणतो.

२. हायवेवरचे शेड व हत्यारे. शेड, गॅसची टाकी, ऐरण, पत्र्याच्या सांध्यांना कथलाचा डाग द्यायचे सगळे सामान आणि गळती तपासायचा हौद हे उत्तरेश्वर याला द्यावे. त्याने माझ्या शेजारी उभे राहून बावीस वर्षे काम केले व तो एकदाही खोटे बोलला नाही. अट एकच: त्यातला एक नटसुद्धा आण्णासाहेब मुळे यांच्या दुकानात जाता कामा नये.

३. रोळी. हे कलम लांब आहे. घाई असलेल्याने उठून जावे.

आमच्या भागातले बोअरचे पाणी क्षाराचे. ड्रायव्हर लोक ढाब्यावर थांबतात आणि तेच पाणी रेडिएटरमध्ये ओततात. मग क्षाराच्या खपल्या, गंज, माती सगळे त्या पाण्याबरोबर इंजिन ते रेडिएटर, रेडिएटर ते इंजिन असे फिरत राहते. बारीक नळ्या तुंबतात, गाडी तापते. जाळी बसवली तर जाळीच तुंबते. १९९७ च्या उन्हाळ्यात मी एक पत्र्याचे भांडे केले, वर गोल आणि खाली निमुळते. पाणी त्यात बाजूने तिरके शिरते व गरगर फिरते. घाण भिंतीला लागून खाली टोकाशी बसते, स्वच्छ पाणी मधल्या नळीने वर निघून जाते. तळाशी तोटी. आठ दिवसांनी तोटी सोडायची, चिखल बाहेर. जाळीच नाही, तर तुंबणार काय? हैदराबादची एक गाडी दर पन्नास किलोमीटरला उकळायची, ती थेट मुंबईला जाऊन आली. ड्रायव्हर लोक त्या भांड्याला रोळी म्हणू लागले.

आण्णासाहेब मुळे यांचे स्टँडजवळ स्पेअर पार्टचे दुकान. मी तिथे गेलो की गिऱ्हाइकाला काचेच्या कपात चहा यायचा. माझ्यासाठी एक पेला खिडकीत पालथा ठेवलेला असे. तो मीच विसळायचा, मीच पालथा घालायचा. एके दिवशी ते म्हणाले, "राजपाल, एक रोळी नमुन्याला ठेव की दुकानात." मी ठेवली. पेला खिडकीत, रोळी मात्र गल्ल्याशेजारी. वर्षाच्या आत तशाच रोळ्या बाहेरून बनवून आल्या, रंग दिलेल्या, वर आण्णासाहेबांचे नाव. मी विचारायला गेलो तर म्हणाले, "अरे, पत्र्याला का कुणाची जात असते? कुणीबी वाकवावा." त्यांच्या तोंडून जातीची गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

तरी मी गप्प बसलो. डिप्लोमा झाल्यावर प्रसेनजित त्याच दुकानात कामाला लागला, तेव्हाही गप्प बसलो. पोराचे पोट आहे, म्हटले.

२०१७ साली व्यापाऱ्यांनी आण्णासाहेबांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, आणि फलकावर 'ग्रामीण संशोधक'. मी व माझी पत्नी पुतळाबाई मागच्या रांगेत बसलो होतो. रोळी कशी चालते ते सांगायला प्रसेनजितला उभे केले. त्याने चांगले सांगितले. शेवटी म्हणाला, "कल्पना सगळी आण्णांची. माझ्या वडिलांनी फक्त डाग दिले."

मी उठून ओरडलो, "परस्या, कुणाचं खाऊन बोलतो रं?" दोघांनी मला दंडाला धरून बाहेर काढले. तो माईक हातात धरून खाली बघत राहिला.

घरी येऊन मी भांडी आपटली. चोर, हरामखोर, जे तोंडात येईल ते बोललो. पुतळाबाई उंबऱ्यात बसून ऐकत होती. मग म्हणाली, "झालं का? आता माझं ऐका. तांदूळ गरगरा रोळून खडं खाली बसवतेत, तसं पाणी रोळून बघा, असं तुमाला कोण म्हनलं व्हतं?"

मी आपटलेली भांडी गोळा करू लागलो.

"शेडात भाकरी घेऊन आले व्हते म्या. तुमी हसलाव. तिसऱ्या दिशी तसंच भांडं केलं. ड्रायव्हर इचारला, कुनाची अक्कल? तुमी म्हनलाव, माझी. म्या तिथंच हुबी व्हते. वीस वर्सं झाली. म्या कुटं आरडले?"

हे खरे आहे. मी शपथेवर लिहितो की रोळीची कल्पना पुतळाबाई राजपाल ओव्हाळ हिची आहे. आण्णासाहेबांनी माझ्याकडून चोरली ती आधीच चोरीची होती. उत्तरेश्वर यापुढे जी रोळी बनवेल तिच्यावर त्याने ठोकून 'पुतळाबाई' हे नाव उमटवावे. माझे नाव घालू नये. आण्णासाहेबांचे पाप यामुळे तसूभर कमी होत नाही, हेही नोंदवतो.

४. आण्णासाहेब मुळे यांना. खिडकीतला तो पेला मी सत्काराच्या दुसऱ्या दिवशी उचलून आणला. तो भाग्यश्रीने घासून, बाजाराच्या दिवशी, चार माणसांदेखत त्यांच्या हातात द्यावा. सोबत काही बोलू नये.

५. प्रसेनजित याला. मिळकतीपैकी काही नाही. पण पुढील हकिकत त्याला वाचून दाखवावी.

पुतळाबाई २०२१ च्या जानेवारीत सोलापूरला दवाखान्यात होती. मूत्रपिंडे गेली होती. सत्कारापासून ती प्रसेनजितशी बोलत नव्हती, अशी गावात समजूत आहे. ती समजूत मी पसरवली. बोलत नव्हतो तो मी. शेवटच्या दिवशी तो आला. मी खोलीच्या दारातच त्याला अडवले. "माय नको म्हणतीय तुला. जा," असे सांगून दार लावले. तो गेला नाही, बाहेर बाकावर बसून राहिला. आत पुतळाबाईने डोळे उघडून विचारले, "परसू आला का?"

मी म्हणालो, "न्हाय."

"येईल," ती म्हणाली. "त्येला वरडू नका." दुपारी तीनला ती गेली.

आईने आपल्याला नाकारले असे प्रसेनजित आजवर समजून आहे. तसे नाही. तिने विचारले होते. हे मी जिवंतपणी त्याच्या तोंडावर सांगायला हवे. सांगणार नाही. तेवढा मोठेपणा माझ्यात नाही, आणि "फक्त डाग दिले" हे माझ्या कानातून जात नाही.

६. अंत्यविधी. त्रिशरण-पंचशील होऊन साधेपणाने दहन करावे. आण्णासाहेबांचा हार स्वीकारू नये. प्रसेनजित आल्यास त्याने खांदा द्यायचा की नाही ते भाग्यश्रीने ठरवावे. मला ठरवता आले नाही.

७. खुलासा. मागच्या रविवारी प्रसेनजित घरी आला होता. केस पिकलेत त्याचे. "आबा, बरं न्हाय म्हणं तुमाला," म्हणाला. ऊन फार होते, म्हणून तांब्याभर पाणी दिले. तो ते उभ्यानेच प्यायला आणि तांब्या मोरीत ठेवून गेला. मी पाणी दिले याचा अर्थ मी माफ केले, असा कोणीही, कोणत्याही कोर्टात, काढू नये.

वरील मजकूर मी दोनदा वाचला. कलम पाच वाचताना थांबलो होतो, पण खोडलेले काही नाही. साक्षीदारांसमक्ष सही करीत आहे.

ठिकाण: नळदुर्ग
दिनांक: ६ एप्रिल २०२५

(सही) राजपाल पिराजी ओव्हाळ

साक्षीदार:
१. (सही) लिंबाजी सोपान घोडके, ढाबाचालक, नळदुर्ग
२. (सही) गौरीशंकर बसप्पा स्वामी, निवृत्त शिक्षक, नळदुर्ग