नऊ नंबरच्या कुंडीतला खुंट

मी, व्यवसायाने शिंपी, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्याच डॉक्टरांनी येत्या गुरुवारी माझं हृदय उघडायचं ठरवलं आहे, म्हणून ही घाई. भीती वाटते हे लिहायला मला लाज नाही. पण भीतीपेक्षा एक कुतूहल जास्त छळतं आहे, ते कलम पाचमध्ये आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी सरळ तिथे जावं.

एक. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एका मुलाची. ठेवीचा आकडा लिहीत नाही, तो त्याला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. गच्ची आणि तिच्यावरच्या सगळ्या कुंड्या मात्र सुनेच्या.

दोन. शिलाई मशीन ज्याला चालवता येईल त्याने न्यावं. कापडाची मोठी कात्री मुलालाच द्यावी. सातवीत असताना शाळेच्या देखाव्यासाठी त्याने त्याच कात्रीने पुठ्ठा कापला, तेव्हापासून ती कापड चावते. ही गोष्ट मी विसरलेलो नाही, एवढंच त्याला कळावं.

तीन. नर्सरीवाल्याने मला ‘काळा गुलाब’ म्हणून एक रोप गळ्यात मारलं होतं. त्याला वांग्याच्या रंगाचं फूल आलं. एवढ्या वाईट वर्षातही ते रोप ठणठणीत जगलं, नकोशा पाहुण्यासारखं. ते त्याला परत करावं आणि देताना त्याचा चेहरा नीट बघून घ्यावा.

चार. हे कलम कोणाला काही देत नाही, पण याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. दुकान बंद केल्यापासून माझा दिवस गच्चीवरच्या चौदा गुलाबांभोवती जायचा. गेल्या वर्षी मार्चमध्ये लाल कोळी ही कीड आली, पानं पिवळी पडून गळाली. एप्रिलमध्ये नळाला एक दिवसाआड पाणी येऊ लागलं. मे महिन्यात गच्ची अशी तापली की पाच रोपं आठवड्याभरात गेली आणि उरलेल्या नऊ रोपांचे शेंडे जळाले. मग पाऊस आला तो थांबायचं नाव घेईना, आणखी दोन रोपं मुळं कुजून गेली. वर्षभर माझं आणि आभाळाचं एकदाही पटलं नाही.

सूनबाई नर्स आहे. उन्हाळाभर ड्यूटीवरून दुपारी घरी आली की घासभर खायच्या आधी वर जाऊन झाडांना पाणी घालायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

पाच. मेच्या शेवटच्या रविवारी ती कामावर असताना मी जळके शेंडे छाटायला वर गेलो. नऊ रोपं नऊ उंचीची झाली होती. घेर असा खालीवर झालेला शिंप्याच्या डोळ्याला खपत नाही. मी टेप काढली आणि कुंडीच्या काठावर खडूची खूण करून तिथून तीन इंच मोजून सगळी एका रेषेत कापली. आम्ही काठापासूनच मोजतो, पन्नास वर्षांची सवय. पण तीन कुंड्यांत माती वरपर्यंत भरलेली होती. त्यामुळे त्यांचा सांधा, म्हणजे रानटी खुंटावर चांगल्या गुलाबाचा डोळा बसवतात ती जागा, माझ्या रेषेच्या वर होती. मी गुलाब कापून टाकला आणि खुंट ठेवला.

त्यांतली दोन आठ दिवसांत वाळली. मुलाने विचारलं, “बाबा, यांना काय झालं?”

मी म्हणालो, “तुझ्या बायकोला विचार. भर दुपारी तापलेल्या पाइपचं पाणी घालते. मुळं शिजली.”

ती दारातच उभी होती. तिने हातातली झारी खाली ठेवली. त्या दिवसापासून ती गच्चीवर आलेली नाही. चहा देते, गोळ्या देते, रक्तदाब बघते. वर येत नाही. दहा महिने झाले.

पाण्याने काही झालं नव्हतं. माझ्या कात्रीने झालं. चूक लगेच कळली होती, तरी मी बोललो नाही, आणि पुढे रोज न बोलणं सोपं होत गेलं. याची मला फार लाज वाटते.

आता कुतूहलाचं. जून संपता संपता त्या तिघांपैकी नऊ नंबरच्या कुंडीत बुडातून एक फुटवा आला. एका देठाला पाचाऐवजी सात पानं, काटे बारीक. खुंटाचा फुटवा दिसला की मोडायचा हा नियम, मी तो बावीस वर्षं पाळला. या खेपेला हात पुढे गेला आणि थांबला. मनात आलं, याला फूल तरी कसलं येतं? बाहेरून बघून कोटाचं अस्तर सांगणारा मी, पण ज्याच्या जिवावर माझे चौदा गुलाब फुलले त्याचं स्वतःचं फूल मी कधी पाहिलेलं नाही.

नर्सरीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, “कोण बघतंय, मास्तर? फुटला की तोडतो आम्ही.” औषधाच्या दुकानाचे मालक म्हणाले गुलाबी. शेजारचे वकीलसाहेब म्हणाले पांढरं. दोघांनीही पाहिलेलं नाही आणि दोघेही छातीठोक सांगतात. फांदी आता माझ्या डोक्याच्या वर गेली आहे, आणि या आठवड्यात तिच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या आल्या आहेत. चष्मा दोनदा पुसून पाहिला. घट्ट मिटलेल्या आहेत, आतलं काही दिसत नाही. गुरुवारपर्यंत उमलणार नाहीत.

सहा. ~~माझ्या पश्चात~~ नऊ नंबरची कुंडी सुनेने सांभाळावी आणि पहिलं फूल तिने बघावं. ती फांदी कोणीही, विशेषतः माझ्या मुलाने, छाटू नये. फूल ओबडधोबड निघालं तर खुशाल हसावं. पाकळ्या किती, वास आहे का, दुपारी रंग उतरतो का, हे तिने तिथेच उभं राहून मोठ्याने बोलावं.

तिने मला माफ करावं असंही लिहिणार होतो. पण मृत्युपत्रात आपलं असेल ते देता येतं, मागता काही येत नाही, असं वकीलसाहेब म्हणतात.

सात. हे कलम आज, सह्यांच्या वेळी वाढवलं आहे. साक्षीदार गच्चीवर जमले आणि वकीलसाहेबांनी कागद मोठ्याने वाचला. ते पाचव्या कलमात असताना सूनबाई माझ्या दुपारच्या गोळ्या घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर आली होती. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

मग म्हणाली, “मला माहीत होतं, बाबा. नऊच्या नऊ कुंड्यांवर तुमच्या निळ्या खडूच्या खुणा होत्या. मीच पुसल्या. यांना दिसल्या असत्या तर हे तुम्हाला बोलले असते.”

“मग इतके दिवस गप्प का राहिलीस गं?”

“तुम्ही कधी बोलताय ते बघत होते.”

ती उंबरा ओलांडून आली, कुंडीपाशी वाकली, कळ्यांना हात न लावता बराच वेळ बघत राहिली. मग वकीलसाहेबांना म्हणाली, “सहाव्या कलमातलं ‘माझ्या पश्चात’ काढा.”

“अहो, ते काढलं तर त्या कलमाला मृत्युपत्रात काही अर्थच राहत नाही.”

“नसू दे. बाबा, पेन घ्या.”

खाडाखोड : कलम सहामधले पहिले दोन शब्द मी स्वतः, सुनेच्या सांगण्यावरून, राजीखुशीने खोडले आहेत.

सही : टेलरमास्तर

साक्षीदार :
१. शेजारी वकील (खाडाखोडीला कायदेशीर हरकत नोंदवून, रंग पांढरा)
२. मालक, औषधाचे दुकान (हरकत नाही, रंग गुलाबी)

स्थळ : राहत्या घराची गच्ची
दिनांक : ९ एप्रिल, सोमवार