लावू का?

माय, घरात मायक्रोवेव्ह आलाय. तू गेलीस तेव्हा आपल्या नाचणगावच्या घरातलं सगळ्यात हुशार यंत्र म्हणजे कॉइलची शेगडी, म्हणून समजावून सांगतो. यात कॉइल तापत नाही. आतला ट्रान्सफॉर्मर घरची वीज काही हजार व्होल्टांवर चढवतो, मॅग्नेट्रॉन नावाची नळी तिच्या लहरी करते आणि त्या लहरी वरणातल्या पाण्याला असं नाचवतात की वरण उकळतं. खोक्यावर आठशे वॅट लिहिलंय, पण भिंतीतून ओढतो बाराशे. वरचे स्वतःच खातो, लग्नात वाढायला उभ्या राहणाऱ्या मोठ्या मामासारखा. अर्ध्या पॉवरवर ठेवला तरी अर्धा चालत नाही. थोडा वेळ पूर्ण चालू, थोडा वेळ पूर्ण बंद. बाबांचा राग असाच होता.

आपल्याकडे अख्ख्या घराला एकच फ्यूज. शेगडी आणि इस्त्री सोबत लागली की तार वितळलीच. म्हणून तुझा कायदा: शेगडी लावण्याआधी स्वयंपाकघरातून हाक, "लावू का रे?" आम्ही इस्त्री काढून "लाव" म्हणायचं, मगच तुझा प्लग आत. पाहुण्यांसमोर मला त्या हाकेची लाज वाटायची. कॉलेजात असताना एकदा इस्त्री बंद करून, काही न बोलता, मी पुलगावला मित्राकडे निघून गेलो. परत येऊन बघतो तर तू पाटावर बसलेली, प्लग हातात, कढईत वांगी कच्ची. मी भडकलो, की इस्त्री बंद आहे हे दिसत नव्हतं का? तू शांतपणे म्हणालीस, "दिसलं ना. पन तू हो म्हनला नाई, त कशी लावू?" मी "लाव" म्हणालो आणि तू हसलीस.

यंदा सगळी वायरिंग बदलली. मायक्रोवेव्हला जाड तारेची वेगळी लाइन दिली. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "काका, आता कोनाले विचाराचं काम नाई. सगळं एकदम लावा." पोरगा कामाला चोख आहे, पण त्या एका वाक्यानं त्यानं तुझा कायदाच रद्द करून टाकला.

तुझी सून लेकीकडे पुण्याला गेली आहे. आज दुपारी वरणाची वाटी आत ठेवली, बटणावर बोट ठेवलं आणि मोठ्यानं विचारलं, "लावू का, माय?" ऐकू यावं म्हणून पंखाही बंद केला. बराच वेळ तसाच उभा होतो.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून सांगून टाकतो. वरण थंडच खाल्लं.