कुंदाचे बूट आणि रांगोळीची रेघ

२ मार्च १९५३, सोमवार
दवाखान्यातल्या सेनबाईंनी माझ्या कुंदाचा डावा पाय दाबून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. टाच पुन्हा वर ओढली गेलीय. पोलिओला दीड वर्ष झालं, बाईंकडे मालिश-व्यायाम सुरू करून सहा महिने, लोखंडी पट्ट्यांचे बूट मिळून तीन. घरात किती वेळ घालते, त्यांनी विचारलं. घरात? घरात पायताण कोण घालतं! दारातच काढते, पुसून फळीवर ठेवते. आठवड्यातून दोनदा इथे येताना घालते तेवढेच. बाईंनी कपाळाला हात लावला. बूट दिवसभर पायात हवेत. त्यांना सांगायचं सुचलं नाही, मला विचारायचं. तीन महिने पाण्यात.
सहा आठवड्यांत टाच खाली आली नाही तर डॉक्टर टाचेमागची शीर कापणार. पाच वर्षांची पोर.
ट्रामभर रडले. मूर्ख बाई मी. पुन्हा रडायचं नाही.

३ मार्च
सकाळीच बूट चढवले. घरात लांब भिंत एकच, बोळाची. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला सासूबाईंचे देव. भिंत धरून वीस खेपा, असं बाईंनी सांगितलंय. कुं. सेनबाईंसारखं बंगालीत "एक, दुई, तीन" करत निघाली. सा.बाई पूजा सोडून उठल्या.
"सुमन, चामडं घेऊन माझ्या देवांपुढे?"
म्हटलं, हो. सगळं समजावून सांगितलं. कापडी बुटांवर पट्ट्या टिकत नाहीत, तेही. त्यांनी ऐकलं आणि स्नानाला गेल्या. दुसऱ्यांदा.

५ मार्च
सा.बाईंनी गॅलरीत शेगडी मांडलीय. स्वतःपुरतं शिजवतात. बोलणं बंद. यांचं म्हणणं, कुंदाला बैठकीत चालव, आईला कशाला दुखवतेस. बैठकीत! पलंग आणि ट्रंका, मांजर वळायचं म्हटलं तरी पंचाईत. तुम्ही चालून दाखवा, म्हटलं. पेपर उघडून बसले.

१६ मार्च, पाडवा
गुढी उभारली. रांगोळीचा डबा निघालाच होता, तर सा.बाईंनी बोळात आडवी रेघ ओढली. स्वयंपाकघराच्या दाराच्या अलीकडे. कुंदाकडे बघून म्हणाल्या, "इथवर." माझ्याशी नाहीच. कुं. मुकाट रेघेपर्यंत जाते, वळते. आता खेप लहान झाली, म्हणून वीसच्या तीस केल्या. घाला रेघा!

२७ मार्च
चैत्रगौरीचं हळदीकुंकू. सा.बाईंनी सकाळी मौन सोडलं, एवढ्याचसाठी: आज तासभर तरी तिचे बूट काढ, चार बायका येणार. मी काढले नाहीत. उलट पॉलिश केलं. अत्तर लावायचं काम कुंदाला दिलं. एका हाताने भिंत, दुसऱ्या हातात अत्तरदाणी, खाड खाड. कैरीची डाळ तोंडात तशीच धरून बायका तिच्या पायांकडे बघत होत्या. भागवतकाकू कानाशी येऊन म्हणाल्या, गौरीपुढे तरी नको गं. मोठ्यानेच म्हटलं,
"काकू, गौर माहेराला चालत आलीय. हिलाही चालत जाऊ दे."
 मग कुंदाने सगळ्यांना सोडून अत्तर आधी आजीच्या हाताला लावलं. सा.बाईंनी हात मागे घेतला नाही. पन्हं मात्र घेतलं नाही.
 बरं वाटलं. फार बरं वाटलं.

४ एप्रिल
सा.बाई नागपूरला धाकट्या दिरांकडे जायचं म्हणतात. हे लगेच पत्र लिहायला बसले, माझ्याकडे बघत. लिहा, म्हटलं. मला वाईट वाटत नाही असं नाही. या घरात आले तेव्हा स्वयंपाक त्यांनीच शिकवला. पण पाय कुंदाचा आहे.

९ एप्रिल
पत्र लिहून टेबलावर पडलंय. पेटीत टाकायला कुणी उठत नाही. कुंदाच्या पोटरीला वळ उठलेत, तेल चोळताना हुंदके देते. एकदा म्हणाली, "आई, आज नको ना." घातलेच. मी वाईट आहे, तर आहे.

१२ एप्रिल, रविवार
सकाळी कुं. रेघेपर्यंत गेली, वळताना तोल गेला आणि बुटाने निम्मी रेघ विस्कटली. सा.बाई तिथेच फुलं निवडत होत्या. मी कंबर कसून उभी, आज होऊनच जाऊ दे. त्यांनी डबा आणला, वाकल्या, नवी रेघ ओढली. 
दुपारच्या खेपा मोजताना माझ्या लक्षात आलं. रेघ रोज स्वयंपाकघराच्या दाराच्या अलीकडे असायची. आज पलीकडे आहे. पुढे देवांपर्यंत कुंदाची चार पावलं.
मी विचारलं नाही. त्यांनीही शेगडी आत आणलेली नाही.
उद्या सेनबाई टाच मोजणार. मोजू देत. खाली आली असो वा नसो, घरी परत येऊ तेव्हा दारात बूट काढायचे नाहीत.