अमृतबाबाचं वळण

धुळे,
६ जानेवारी २०२४

ती. कमलआत्यास,
सुलक्षणाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की तू फोन ठेवतेस, म्हणून कागद घेतला.

आमच्या कॉलेजातर्फे यावलकडच्या रस्त्यांवरच्या अपघाती वळणांचा अभ्यास चालू आहे. त्यात तुझ्या शेताजवळचं वळण नेमकं माझ्याकडे आलं. केळीच्या बागेच्या कडेला खुर्ची टाकून मी येणारी-जाणारी वाहनं बघत बसते. धुकं विरेपर्यंत ती पाण्यातून वर आल्यासारखी दिसतात. वाटतं, त्यातल्याच एका मोटारसायकलवरून अमृतदादा उतरेल आणि माझा डबा पळवेल.

तो अपघातात जिथे गेला तिथे तू शेंदूर लावून दगड ठेवलास. लोकांनी त्याचा अमृतबाबा केला. दहावीत दोनदा आपटलेल्या दादापुढे आता परीक्षेची पोरं नारळ फोडतात. तो असता तर पोट धरून हसला असता. पण आत्या, नारळ फोडायला लोक ऐन वळणावर गाडी उभी करतात आणि मागून येणाऱ्याला ती दिसत नाही. परवा एक पिकअप अशीच आदळली. एका बाईचा पाय मोडला, जीव वाचला.

अहवालात मला दगड हलवा असं लिहावं लागणार. तुझ्या होकाराशिवाय हात धजत नाही.

हवं तितकं रागाव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी सुलू

यावल,
१४ जानेवारी

चि. सुलक्षणास अनेक आशीर्वाद.

माझ्या लेकाला उठवण्यासाठीच एवढी शिकलीस का, असं मनात आलं. आलं ते लिहिलं.

दुपारी डोळा लागला की अमृत दिसतो. त्या दगडावर बसलेला असतो. ट्रकवाले हॉर्न देतात, तो हात हलवतो. ना लग्न, ना लेकरंबाळं. त्याचं नाव घेणारं दुसरं आहे कोण? तिथून उठवला तर तो जाईल कुठे, एवढं तुझ्या अभ्यासातून शोधून सांग. होकार मागू नकोस.

बोरं पाठवली आहेत. माझा राग त्यांच्यावर काढू नकोस, गोड आहेत.

रागात असले तरी तुझीच,
आत्या

यावल,
२ फेब्रुवारी

चि. सुलूस अनेक आशीर्वाद.

तुला खोटं पाडायचं म्हणून मी स्वतःच वळणावर जाऊन बसले होते. ऊन कोवळं होतं, केळीची पानं हलत होती, मला अगदी बरं वाटत होतं. एक तरणी बाई लेकराला कडेवर घेऊन आली, नवऱ्याने गाडी रस्त्यातच लावली. ती डोळे मिटून हात जोडून उभी राहिली आणि मागून बस आली. मी हात पसरून रस्त्यात धावले. ड्रायव्हरने कशीबशी आवरली आणि मला नको नको ते बोलला.

त्या बाईला काहीच कळलं नाही. ती माझ्या अमृतकडे आपल्या लेकराला आयुष्य मागत होती.

पुतण्या नवलला बोलावून दगड बैलगाडीत घातला. वाटभर मी हात ठेवून होते. अहवाल काय लिहायचा तो खुशाल लिही.

आता लोक दारात येऊन विचारतात, बाबा कुठे गेला? मी सांगते, बाबा कुणी नव्हता. माझा मुलगा होता, त्याला घरी आणलाय.

सवड काढून ये. माया होती तेवढीच आहे.

तुझी आत्या